मुकी नेलेली ढोलकी

कोल्हापूर
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अंजना हीस,
सप्रेम सलाम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

ल गा गा, ल गा गा, ल गा गा, ल गा गा. आठवतंय का? घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरणाऱ्या नाताळ पार्टीची ढोलकी आपल्या मिशन कंपाउंडाच्या फाटकातून आत शिरायची ती याच चालीवर. पुढे गॅसबत्तीवाला, मागे झांजा, बाबांच्या गळ्यात पेटी, आणि थंडीनं कातडं ताणून बसलेली ती ढोलकी. मी पुढे मास्तर झालो तेव्हा भुजंगप्रयात शिकवताना टेबलावर बोटांनी हाच ठेका धरायचो. पोरांना वाटायचं मास्तर वृत्त शिकवतात. मास्तर आपले फाटकापाशी उभे असायचे. तू तेव्हा सात वर्षांची, मी चौदाचा. आवाज कानी आला की तू पांघरूण भिरकावून अनवाणी अंगणात. बाबा तुला पेटीचा भाता ओढू द्यायचे आणि सूर हटकून चुकायचा.

मोना फेब्रुवारीत गेली, ते तुला कळवलं होतंच. तुला पत्र घालणं हे तिचं काम. दर नाताळाला ती चार पानं लिहायची आणि मी पाकिटावर पत्ता घालायचो, एवढाच माझा वाटा. आता पानं आणि पाकीट दोन्ही माझ्याच गळ्यात. फोन करावा तर मागांच्या खडखडाटानं तुझे कान गेलेले, आणि मला मोबाईलवर बोलताना भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं.

पृथ्वीराजनं यंदा ऐकलं नाही. अठ्ठ्याहत्तरीचा म्हातारा एकटा कसा ठेवायचा म्हणतो. दोन जानेवारीला पुण्याहून टेम्पो येणार, सामान जाणार, सामानाबरोबर मी. हे घर कंपाउंडाचं. किल्ली परत द्यायची. म्हणजे इथला हा शेवटचा नाताळ. तू लग्न करून गेलीस त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तेव्हापासून या उंबऱ्यात तुझं पाऊल नाही. एकदा ये, अंजना. बाबांचा नाताळ आठवणारं आपल्या दोघांशिवाय आता कुणी उरलेलं नाही. एकट्यानं आठवायला बसलं की मधले शब्द विसरतात, पाठ कवितेसारखे.

तुझ्या घरच्यांना सलाम सांग. क्रांतीला आशीर्वाद. कळावे, लोभ आजवर मोनाच्या नावावर पोचत होता, तो आता माझ्या नावावर असू दे.

तुझा,
जयसिंग

*

इचलकरंजी
३ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सलाम आणि जय भीम, दोन्ही घे. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षर अजून फळ्यावरचंच हाय, एक वेलांटी वाकडी न्हाय. ह्यांना वाचून दाखवलं. वाचून म्हणजे ओरडून. चाळीस वर्षं मागावर जॉबर, माग दुरुस्त करत उभे, ह्यांचे कान माझ्याहून गेलेत. वहिनीच्या पत्रांची आठवण काढून ह्यांनी डोळं पुसलं. ती समदी पत्रं माझ्या ट्रंकेत हायत.

ढोलकी सुरू कुठं व्हायची ते तू लिहिलंस. ती थांबली कुठं ते मी लिहिते. तेवीस डिसेंबर अठ्ठ्याहत्तर. पार्टी इचलकरंजीतल्या आपल्या माणसांच्या घरी येणार म्हणून निरोप होता. ह्यांनी कधी न्हाय ती कामट्या न् पतंगाच्या कागदाची चांदणी केली, शिडी लावून दारावर टांगली. बुद्ध वंदना म्हणणारा माणूस, पण माझ्यासाठी केली. क्रांती तीन महिन्यांची, कडेवर. थाळीत करंज्या, वर रुमाल. कोपऱ्यावर ढोलकी ऐकली न् मी शेजारणीला म्हटलं, माझं म्हायार आलं. आणि पन्नास पावलांवर ढोलकी मुकी झाली.

रीत मलाबी ठावी हाय की. वर्षात ज्या घरी मयत झालं, त्या दुखवट्याच्या घरापुढनं थाप न मारता, बत्ती खाली धरून जायचं. माझ्या घरात कोण मेलं होतं, दादा? पंचवीस माणसं मान खाली घालून माझ्या दारावरनं गेली. शेजारणीनं विचारलं, कुणाच्या घरी गेली गं तुझी माणसं? मी म्हटलं, वाट चुकली असतील. थाळी तिलाच देऊन टाकली.

मग जानेवारीत तुझं कार्ड आलं. "बाबांच्या आज्ञेपुढे माझा इलाज नव्हता." ते पण ट्रंकेत हाय. ज्या घरानं मला जितेपणी मेलेली धरली, त्या घरात नाताळ कसा खाऊ? ह्यांचं म्हणणं वेगळं हाय. म्हणतात, जाऊन ये की एकदा, मास्तर म्हातारा झालाय. मी म्हटलं, मी काय तरणी हाय काय.

तब्येतीला जप. थंडीत पहाटे फिरायला जाऊ नको. लोभ हाय म्हणून एवढं लिहिलं. नसता तर कार्डावर भागवलं असतं.

तुझी,
अंजना

*

कोल्हापूर
७ डिसेंबर २०२४

चि. सौ. अंजनास,
सप्रेम सलाम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. मग करंज्या करायला बसलो. मोनाचं कातणं सापडलं, सारण जमलं, पण पारी जाड झाली आणि तेलात निम्म्या फुटल्या. फुटलेल्या तेवढ्या मी खाल्ल्या, धड आहेत त्या डब्यात ठेवल्या. शेजारची मुलगी म्हणाली, आजोबा, बेकरीतून आणा की. तिला काय सांगणार, की पूर्वी आपण आपला मैदा, आपलं तूप, आपली साखर घेऊन राजारामपुरीतल्या भट्टीवर रांगेत बसायचो आणि नानकटाईचे पत्रे डोक्यावरून घरी आणायचो. तू पत्र्याखालून हात घालून एक पळवायचीस. बाबांना कळायचं, ते मोजल्यासारखं करायचे आणि मुद्दाम चुकायचे.

झालं ते झालं, अंजना. बाबा जुन्या काळचे. गेलेल्या माणसावर किती वर्षं रुसायचं?

यंदा आपलं घर दुखवट्याचं. पार्टी येत्या शनिवारी कंपाउंडात फिरणार आहे आणि मोनामुळे आपल्या दारावरून मुकी जाणार. पार्टी आता माझाच एक जुना विद्यार्थी चालवतो. येऊन परवानगी विचारून गेला. मी म्हटलं, रीत ती रीत.

तरी ये. उत्तराची वाट पाहतो. लोभ थोडा असला तरी चालेल, आटू देऊ नकोस.

तुझा,
जयसिंग

*

इचलकरंजी
११ डिसेंबर २०२४

ती. दादास,
सलाम, जय भीम. वि. वि.

रुसायचं, म्हणालास. रुसणं नानकटाईवरनं असतंय.

आज तुला सांगते, जे वहिनीलाबी कधी लिहिलं न्हाय. त्र्याऐंशी साली बाबा अत्यवस्थ असल्याची तार आली तेव्हा मी कारखान्यात सुताच्या कांड्या भरत होते. हे मागाच्या पलीकडनं पळत आले. ह्यांनी मालकाकडनं रजा काढली, क्रांतीला फ्रॉक घातला, स्टँडवर रिक्षा नेली. मी रिक्षातनं उतरले न्हाय, आणि बसमध्येबी चढले न्हाय. म्हटलं, ज्यानं मला मेलेली धरली त्याच्या मयतीला मेलेलं माणूस कसं जाईल? दोन दिवसांनी बाबा गेले. हे एकटेच जातो म्हणाले, मी त्यांनाबी जाऊ दिलं न्हाय.

बाबा अर्धांगानं पडून होते, बोली गेली होती, हे वहिनीच्या पत्रांनी कळायचं. तरी न्हाय गेले. एवढा राग मी त्या एका संध्याकाळीवर पोसला. आता एकाहत्तर वर्षांची झाले, राग धरवत न्हाय आणि सोडायला कुणी समोर न्हाय.

एक विचारते. त्या दिवशी तू बाबांबरोबर चालत होतास. माझ्या दारापाशी आल्यावर बाबांनी माझ्याकडं बघितलं का? एकदा तरी? मला अंधारात त्यांचं तोंड दिसलं न्हाय. खरं लिही. कविता नको. बघितलं असंल तर तसं, न्हाय तर न्हाय. खरं लिहिलंस की नाताळाला येईन, हा माझा शब्द. हे तर पिशवी भरून बसतील.

लोभ ठेव; खरं लिहिण्याएवढा तरी ठेव.

तुझी,
अंजना

*

कोल्हापूर
१५ डिसेंबर २०२४

चि. अंजनास,
सलाम. आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

काल संध्याकाळी पार्टी आली. मी दिवा न लावता दारात खुर्ची टाकून बसलो होतो. फाटकातून ढोलकी आली, तीच चाल. चार घरं झाली, हसणं, टाळ्या, पोरांचा गलका. मग आमच्या भिंतीपाशी आवाज बंद झाला आणि फक्त चपला ऐकू आल्या. वाळूवरून पंचवीस-तीस माणसांच्या चपला. कुणी खोकलं. माझ्या विद्यार्थ्यानं बत्ती खाली धरली आणि माझ्याकडं बघायचं टाळलं. मोना खरंच गेली आहे, माझ्या घरात खरंच मयत झालंय, हे मला माहीत होतं. तरी मला ओरडावंसं वाटलं, की अरे, मी आहे अजून. आणि तू तर पंचवीस वर्षांची होतीस, तान्हं कडेवर.

इतकी वर्षं मी त्या शांततेला मनात यती म्हणत आलो. कवितेच्या ओळीत श्वास घ्यायला थांबतात, तसं काहीतरी. ती यती नव्हती. कविता नको म्हणालीस, म्हणून आता सरळ लिहितो.

आज्ञा बाबांची नव्हती. बाबांनी टेम्पोत बसताना सांगितलं होतं, पहिलं घर पोरीचं घ्या. जानेवारीत चर्चच्या मंडळीच्या पंचांची निवडणूक होती आणि मी उभा होतो. तुझ्या लग्नावरून लोक कुजबुजत होते. टेम्पोत दोन जुने पंच होते. मी पोरांना सांगितलं, या गल्लीत एक दुखवट्याचं घर आहे. कुणाचं, ते सांगितलं नाही. ढोलकीवाल्याच्या शेजारी मी चालत होतो. चांदणी दिसली तशी मी माझा तळवा ढोलकीच्या कातड्यावर दाबून धरला. माझा, अंजना. ते कातडं हाताखाली थरथरत थांबलेलं अजून कळतं.

बाबा मागे पेटीवर होते. त्यांनी विचारलं, कोण गेलं रे इथलं? मी म्हटलं, ओळखीचं कुणी नाही. मग त्यांना चांदणीखाली तू दिसलीस. हो, बघितलं. थांबून बघितलं. हाक मारायला तोंड उघडलं होतं. मी कोपर धरून ओढलं आणि म्हटलं, बाबा, पंच बघताहेत. पेटीचा भाता हिसक्यानं नुसताच फुसफुसला. त्यांच्या कोटाच्या खिशात क्रांतीसाठी स्वतः कातलेला लाकडी खुळखुळा होता. परत येताना टेम्पो खड्ड्यात गेला की तो वाजायचा.

इतकंच असतं तर. पुढच्या महिन्यात ते तुझ्याकडं यायला निघाले, तेव्हा मी सांगितलं की अंजनाच नको म्हणते. आणि तुला ते कार्ड लिहिलं. दोन्ही टोकं मीच बांधली. उन्हाळ्यात त्यांना अर्धांग झालं, बोली गेली. निवडणूक मी जिंकलो होतो. शेवटी तार मोनानं केली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या पत्रांवर संशय घेऊ नकोस. खुळखुळा मी बाबांच्या शवपेटीत ठेवला. मोनाला वाटलं पृथ्वीराजचा आहे.

खरं लिहिलं. शब्द पाळ असं म्हणायला मला तोंड नाही.

जयसिंग

*

इचलकरंजी
१९ डिसेंबर २०२४

दादा,

पत्र मिळालं. बाबांनी बघितलं होतं. ते माझ्या दारात येऊन करंजी खाणार होते. शेहेचाळीस वर्षं मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या, आणि तो चार वर्षं खाटेवर पडून माझी वाट बघत होता.

येईन म्हणाले होते, ते परत घेते. पुण्याला सुखरूप जा. पत्र घालू नकोस, ह्यांना वाचून दाखवायला माझा आवाज निघत न्हाय.

अंजना

*

कोल्हापूर
२५ डिसेंबर २०२४, सकाळी

चि. अंजना,

पत्र घालू नकोस म्हणालीस. घालणार नाही. लिहायला मात्र बसलो, कारण आज सकाळी दुसरं काय करावं कळेना.

उपासनेला जाऊन आलो. पाळकसाहेबांनी चांगला उपदेश केला असावा, सगळे बाहेर पडताना म्हणत होते. मी मागच्या बाकावर, मोनाच्या जागेवर बसलो. तिथून वेदी दिसत नाही, खांब आडवा येतो. बावन्न वर्षं ती खांबाकडं बघून प्रार्थना करायची हे मला आज कळलं. मी पंच, मी पुढे बसायचो. मंडळीतले लोक भेटले, नाताळच्या शुभेच्छा दिल्या, गुरुजी पुण्याला गेल्यावर आम्हाला विसरू नका म्हणाले. बाहेर पटांगणात तुझ्या वयाची एक बाई नातवाला थंडीचं टोपडं बांधत होती. मी उगीच तिथं रेंगाळलो, मग तिला विचित्र वाटेल म्हणून निघालो.

घरात सामान बांधून ठेवलंय. पुस्तकांची खोकी अकरा झाली; पृथ्वीराज म्हणतो, फार तर चार आणा. कुठल्या कविता ठेवायच्या आणि कुठल्या रद्दीत द्यायच्या, हे ठरवायला बसलो की एकही ओळ खरी वाटत नाही. चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की कविता माणसाला हळवं करते. हळवा तर मी होतोच, अंजना. टेम्पोत खुळखुळा वाजत होता तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्या पाण्याचा कुणाला काय उपयोग झाला?

क्षमा मागावी असं आठवडाभर मनात आहे. पण ती बाबांनी करायची होती, त्यांची बोली गेली. तू

मधेच उठावं लागलं. कुणीतरी दार वाजवलं. मला वाटलं, शेजारून फराळाचं ताट आलं असेल. बघतो तर उंच, वाकलेले, मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ, हातात काठी, पायरी चढून धाप लागलेली. जयसिंग मास्तरांचं घर हेच का, असं त्यांनी गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं. मी ओळखलं नाही. कसं ओळखणार, अठ्ठेचाळीस वर्षांत मी त्यांचं तोंड एकदाच पाहिलं होतं, तेही बत्ती खाली धरलेली असताना. मग त्यांनी नाव सांगितलं. प्रसेनजीत.

मी आत या म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही, किंवा गेलंही असेल. दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं, की अंजनाला ते कोल्हापूरला आलेत हे माहीत नाही, डॉक्टरकडं जातो सांगून पहाटे निघाले. पत्र आल्यापासून सहा दिवस तू धड जेवली नाहीस. रडतही नाहीस. क्रांती येऊन बसली, तिच्याशीही बोलली नाहीस. काल दुपारी एकदाच त्यांना म्हणालीस, बाबा हाक मारणार होते ती काय म्हणून मारणार होते, अंजे म्हणून का अंजना म्हणून, ते दादानं लिहिलंच न्हाय.

मग म्हणाले, मास्तर, तुमच्यासाठी आलो न्हाय. तुमचं तोंड बघायची मला हौस न्हाय. पण ते तिला सांगणारा जगात दुसरा माणूस न्हाय. चला. ती दार उघडंल का न्हाय, ते मी सांगू शकत न्हाय. न्हाय उघडलं तर पायरीवर बसून सांगा, मोठ्यानं सांगा, बहिरी हाय ती.

मी त्यांना म्हटलं, दाजी, दोन मिनिटं. तुझ्यासमोर माझी वाचा बसेल अशी भीती आहे, म्हणून एवढं लिहून कागद खिशात घेतो. ते उंबऱ्याबाहेरच काठीवर भार देऊन थांबलेत. खुर्ची दिली, बसले नाहीत. बस साडेबाराची आहे म्हणतात, चपला घाला.

अंजे म्हणून, अंजना. ओठ तसेच होते त्यांचे.

लोभ मागत नाही. दार उघडायचं की नाही, ते तुझं.

जयसिंग